आज्ञावलीची नोंदवही

दोघे मिळून एकच आज्ञावली लिहूं लागले कीं दोन अडचणी हटकून उभ्या राहतात. दोघांनीं एकाच ओळींत निरनिराळे बदल केल्यास कोणाचें लेखन ठेवावें? आणि काल नीट चालणारें काम आज बिघडलें, तर चूक कोठें शिरली हें कसें शोधावें? ह्या दोहोंचें उत्तर चांगल्या नोंदवहींत आहे.

अशी नोंदवही ठेवणाऱ्या साधनांत ‘गिट’ हें आज फार प्रचारांत आहे. लिनक्स प्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स ह्यांनीं तें सन २००५ मध्यें तयार केलें. लिनक्सवर काम करणारे लोक तोंपर्यंत जें साधन वापरीत, त्याची विनामूल्य सवलत त्या वर्षीं बंद झाली, हें त्याचें निमित्त. कोणता बदल कोणीं व केव्हां केला, ह्याची नोंद गिट जतन करतें; तिला ‘कमिट’ म्हणतात. बदल कां केला, हें मात्र आपणच नोंदीसोबत लिहावयाचें असतें.

एक उदाहरण घेऊं. ग्रंथालयाचा दंड काढणारी मूळ ओळ अशी आहे, असें समजा:

दंड = दिवस × १

एका विद्यार्थ्यानें दर दोन रुपये केला:

दंड = दिवस × २

दुसऱ्यानें सुट्या वगळल्या:

दंड = (दिवस − सुट्या) × १

हीं कामें एकत्र करतांना गिट थांबतें आणि दोन्ही ओळी खुणा करून समोर मांडतें. निर्णय आपला. उतावळा विद्यार्थी येथें आपली ओळ ठेवून मित्राची पुसून टाकतो. तंटा मिटलासा दिसतो. परंतु मित्राचे श्रम वायां जातात आणि दंडही चुकीचा निघतो. म्हणून मूळ ओळ अवश्य पाहावी. तिच्याशीं ताडून पाहिलें म्हणजे कळतें कीं, दुसऱ्याच्या ओळींतील ‘१’ हा त्याचा आग्रह नव्हे. तो मुळांतलाच राहिलेला आहे. दोघांचे हेतु एकमेकांच्या आड येत नाहींत. खरी ओळ ह्या दोहोंहून निराळी आहे:

दंड = (दिवस − सुट्या) × २

हेतूच परस्परविरोधी असल्यास मित्राला विचारावें. मग खुणा पुसून आज्ञावली चालवून पाहावी. कारण गिट ओळी जुळवितें, अर्थ जाणत नाहीं. तंटा न होतां झालेला मिलाफही चुकीचा असूं शकतो.

आतां दोषाचा शोध. १,००० नोंदींपूर्वीं आज्ञावली नीट चालत होती, आज चालत नाहीं, असें माना. एकेक नोंद तपासण्याऐवजीं मधली घ्यावी. तेथें काम ठीक चाललें तर दोष पुढच्या अर्ध्यांत; बिघडलें तर त्याच नोंदींत किंवा मागच्या अर्ध्यांत. १,००० चे ५००, ५०० चे २५०, असें करीत सुमारें १० परीक्षांत दोषी नोंद हातीं येते. ‘बायसेक्ट’ ही आज्ञा हेंच करते. मात्र कसोटी प्रत्येक वेळीं तीच असावी. एक चुकीचें उत्तर सारा शोध भलत्या अर्ध्यांत नेतें. नोंदीही लहान असाव्या. शोध ५०० ओळींच्या एकाच नोंदीपाशीं येऊन थांबला, तर खरें काम पुढेंच राहतें.

शेवटीं एक सूचना. प्रत्येक ओळ शेवटीं कोणीं बदलली हें दाखविणाऱ्या आज्ञेचें नांव ‘ब्लेम’, म्हणजे दोष देणें, असें आहे. त्या नांवावर जाऊं नये. शेवटचा हात लावणारा चुकीचा कर्ता असेलच असें नाहीं. त्यानें कदाचित् केवळ मोकळी जागा नीट केली असेल. त्याच्याकडे जावें तें ‘हें कां केलें?’ असें विचारण्यासाठीं. पुष्कळदां तें नांव आपलेंच निघतें; तेव्हां आपण नोंदींत कारण लिहिलें होतें कीं नाहीं, हेंही त्याच क्षणीं कळून येतें.