गरम झाल्यावर ट्रॅक्टर चालू होत नाही? आधी हे पाहा

कोरडवाहू रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात करावी अशी शिफारस आहे. प्रत्यक्षात जमीन वाफशावर असते ती मोजकेच दिवस. नेमक्या अशा वेळी सकाळी एका सेल्फमध्ये चालू झालेला ट्रॅक्टर दुपारच्या भाकरीनंतर अडून बसतो आणि बियाणे पेटीतच राहते. मी पिकांचा माणूस, यंत्रांचा नव्हे. पण पेरणीच्या दिवसांत शिवारात गेलो की पिकाआधी ही तक्रार ऐकावी लागते. काही शेतकरी जेवणाच्या वेळीही इंजिन चालूच ठेवतात. त्यात डिझेल जळते, दोष मात्र तसाच राहतो.

थंड इंजिन सहज चालू होत असेल तर रिंगा व लायनर झिजल्याचा संशय मागे ठेवावा. दाब कमी झालेले इंजिन थंड असतानाच जास्त त्रास देते. म्हणून इंजिन खोलण्याचा सल्ला कोणी लगेच दिला तरी घाई करू नये.

गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून सीटवर बसूनच सेल्फ मारावा. खाली उभे राहून स्क्रू ड्रायव्हरने सेल्फला जोड देण्याची सवय जिवावर बेतते. ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर मागचे चाक अंगावर येते.

इंजिन मंद फिरत असेल तर दोष विजेकडचा समजावा. गरम झालेल्या तारेत विजेला विरोध वाढतो, त्यामुळे सकाळी चालून गेलेला ढिलेपणा दुपारी नडतो. बॅटरीचे टर्मिनल व चॅसीला जोडलेली अर्थची पट्टी घासून घट्ट करावी. सेल्फ मारताना १२ व्होल्टची बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली उतरत असेल तर बॅटरी तपासून घ्यावी. तीही ठीक असेल तर सेल्फचे बुश व कार्बन पाहावेत.

इंजिन जोरात फिरते पण पेट घेत नाही, तर डिझेलकडे वळावे. प्रथम इंजिन बंद करण्याची ओढतार पूर्ण आत गेली आहे का पाहा. हसू नका, धुळीने तार अर्धवट अडकते आणि माणसे उगाच पंप सोडवतात. नंतर टाकीचे झाकण उघडावे. हवा सूं करून आत गेली तर झाकणाचे छिद्र बुजले आहे. मग फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा व फेस थांबून स्वच्छ डिझेल येईपर्यंत हवा काढावी. फेस पुन्हा पुन्हा येत असेल तर नळीच्या जोडातील वायसर बदलावेत.

एवढे करूनही जमले नाही, तर डिझेल पंप झिजलेला असण्याची शक्यता मोठी. डिझेल गरम झाले की पातळ होते आणि झिजलेल्या भागांच्या फटीतून मागे गळते. सेल्फवर इंजिन हळू फिरत असल्याने या गळतीला वेळही मिळतो. नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पंपावर ओले फडके टाकावे व १५ ते २० मिनिटे थांबावे. त्यानंतर ट्रॅक्टर लगेच चालू झाला तर बहुधा दोष पंपातच आहे. बादलीने पाणी मात्र कधीही ओतू नये. पंपाचे कवच एकदम आकुंचन पावून आतील भाग अडकू शकतात. पंपाची दुरुस्ती चाचणी यंत्र असलेल्या ठिकाणीच करून घ्यावी, बांधावर बसून नव्हे. पंप लवकर झिजतो तो बहुतेक डिझेलमधील माती व पाण्यामुळे. उघड्या डब्यातून डिझेल ओतणे बंद करावे, फिल्टरखाली साचलेले पाणी नियमित सोडावे.

टॅपेटची फट फार कमी ठेवली असेल तर गरम झालेला व्हॉल्व्ह नीट बसत नाही, तेव्हाही हेच लक्षण दिसते. फटीचे माप ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. मिस्त्रीकडे जाताना पुस्तिका बरोबर न्यावी आणि ओल्या फडक्याच्या परीक्षेत काय झाले ते त्याला आधी सांगावे.