डेंग्यूचा विषाणू, पेशीतील संदेशवहन आणि आपले व्याधिक्षमत्व

पावसाळा ओसरू लागला की निघोजे, महाळुंगे, खराबवाडी या पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्यांकडे ज्वराच्या रुग्णांची रीघ लागते. चाकण औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर असलेले, एका खोलीत चार-पाच जण मिळून राहणारे तरुण त्यांत बहुसंख्य असतात. नळाच्या पाण्याचा भरवसा नसल्याने दाराशी पिंपे भरून ठेवलेली असतात आणि स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढणाऱ्या, दिवसा चावणाऱ्या एडिस डासाला याहून अनुकूल स्थान दुसरे नाही.

काही वर्षांपूर्वी असाच एक तरुण आमच्याकडे आला. तीन दिवस तीव्र ज्वर, नेत्रांच्या मागे वेदना, अस्थिसंधिशूल. चौथ्या दिवशी ज्वर उतरला. "डॉक्टर, आज रात्रपाळीला जाऊ ना? खाडा पडला की पैसे कापतात," असे त्याने विचारले. ज्वरवेग शमला, जिव्हा काहीशी स्वच्छ दिसली, म्हणून प्रतिकारशक्ती वाढावी या हेतूने गुळवेलीचा काढा लिहून देऊन आम्ही त्यास अनुमती दिली. त्याच रात्री उदरशूल व वारंवार छर्दी होऊन तो कामावरच खाली बसला. हातपाय थंड, रक्तदाब खालावलेला. रुग्णालयात शिरेवाटे द्रव वेळेत मिळाले म्हणून तो वाचला. चूक आमची होती. 'प्रतिकारशक्ती वाढवणे' हे शब्द आपण किती सैलपणे वापरतो, याचा विचार आम्ही त्यानंतर प्रथमच गांभीर्याने केला. त्या अभ्यासातून जे हाती लागले ते वैद्यबंधूंसमोर ठेवत आहोत.

आरंभ पेशीपासून करू. विषाणू आत शिरल्याचे पेशीला कळते ते त्याच्या आरएनएवरून. पेशीद्रवात आरआयजी-आय नावाचे प्रथिन पहाऱ्यावर असते. परकीय आरएनए सापडताच ते तंतुकणिकेच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या, पृष्ठभागावर जाऊन तेथील मॅव्हस या प्रथिनास जागे करते. तेथून संदेश एकाकडून दुसऱ्याकडे जात केंद्रकापर्यंत पोहोचतो व पेशी इंटरफेरॉन स्रवू लागते. आयझॅक्स व लिंडेनमान यांनी १९५७ साली लंडनमध्ये शोधलेले हे द्रव्य स्वतः विषाणूस मारत नाही. ते शेजारच्या पेशींना सावध करते. शेजारच्या पेशीवरील ग्राहकास ते चिकटले की आत स्टॅट-१ व स्टॅट-२ ही प्रथिने जोडीने केंद्रकात जातात आणि शेकडो विषाणुरोधक जनुके कार्यान्वित होतात. गावात दवंडी पिटली की घरोघरी दारे लावून घ्यावीत, तसा हा प्रकार आहे.

डेंग्यूच्या विषाणूपाशी अवघी दहा प्रथिने असतात. त्यांतील तीन त्याचे शरीर घडवतात. उरलेली सात पुनरुत्पादनाचे काम करतात आणि त्याच वेळी ही दवंडी बंद पाडतात. प्रथमतः विषाणू आंतर्द्रव्यजालिकेच्या घड्यांमध्ये स्वतःची प्रत काढतो, जेणेकरून पहारेकऱ्याची दृष्टी तेथे पोहोचू नये. शिवाय आपल्या आरएनएच्या अग्रावर तो पेशीच्या स्वतःच्या आरएनएवर असते तशीच रासायनिक टोपी चढवतो. इतके करूनही पहारेकरी जागा झालाच, तर पुढची व्यवस्था असते. आरआयजी-आयला तंतुकणिकेपर्यंत नेणारे १४-३-३ गटातील एक वाहक प्रथिन आहे. विषाणूचे एनएस-३ त्या वाहकालाच धरून ठेवते. हे २०१६ मध्ये स्पष्ट झाले. पहारेकऱ्याने शत्रू पाहिला, परंतु वर्दी द्यायला जाण्याचे वाहनच रोखले गेले.

दुसरी वाट त्याहून विलक्षण आहे. डेंग्यूच्या विषाणूत डीएनए नसतोच. तथापि त्याच्या आक्रमणाने तंतुकणिकेतील आपलाच डीएनए पेशीद्रवात सांडतो आणि डीएनए ओळखणारी स्टिंग ही दुसरी यंत्रणा जागी होऊ शकते. विषाणूचे प्रथिने कापणारे विकर हे स्टिंग थेट तोडून टाकते, असे २०१२ मध्ये दाखवण्यात आले.

तिसरा घाव आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शेजारच्या पेशीने इंटरफेरॉन पाठवले, ग्राहकास ते चिकटलेही. पण आत विषाणूचे एनएस-५ प्रथिन स्टॅट-२ ला पकडून पेशीच्याच टाकाऊ प्रथिने नष्ट करणाऱ्या यंत्राकडे सोपवते. २००९ मधील हा शोध आहे. उंदराच्या स्टॅट-२ वर एनएस-५ ची ही मात्रा चालत नाही, त्याचे स्टिंगही विषाणूस तोडता येत नाही. साध्या उंदरास डेंग्यू सहजी जडत नाही याचे एक मोठे कारण हेच आणि म्हणून प्रयोगशाळेत इंटरफेरॉनचे ग्राहक काढून टाकलेले उंदीर वापरावे लागतात. औषधी वनस्पतींवरील प्राण्यांतील प्रयोग वाचताना आपण हे ध्यानात ठेवावे. कोणता उंदीर वापरला हे प्रथम पाहावे.

याचा अर्थ असा की प्रारंभीच्या दिवसांत रुग्णाचे बल कमी पडते म्हणून विषाणू वाढतो असे नव्हे. धडधाकट पंचविशीतील कामगारही आडवा होतो, कारण बल आहे पण त्याला हाक पोहोचत नाही. पूर्वी एका प्रकारचा डेंग्यू होऊन गेला असेल, तर जुनी प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकारच्या विषाणूला निष्प्रभ न करता, उलट त्याला चिकटून भक्षकपेशींच्या आत नेतात. रक्षकच वाहन होतो. दुसऱ्या वेळचा डेंग्यू अधिक घातक का, याचे हे प्रमुख स्पष्टीकरण आहे.

उत्तरार्धात चित्र पालटते. चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारास रक्तातील विषाणू घटू लागतो, ज्वर उतरतो आणि नेमक्या त्याच वेळी शोथजनक संदेशद्रव्यांचा अतिरेक होतो. विषाणूचे एनएस-१ प्रथिन रक्तात फिरत असते व सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आतील नाजूक अस्तर विरवते. रक्तातील द्रवांश बाहेर झिरपतो, रक्त दाट होते. आमचा रुग्ण कोसळला तो या अवस्थेत. त्या रात्री विषाणू हरत होता, रुग्ण मात्र धोक्यात होता.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. चरकाच्या सूत्रस्थानातील व्याधिक्षमत्वावर भाष्य करताना चक्रपाणींनी त्याचे दोन अर्थ सांगितले आहेत : उत्पन्न व्याधीच्या बलास विरोध करणे आणि व्याधीची उत्पत्ती रोखणे. वरील दोन अवस्था पाहता हा भेद आम्हांस मोलाचा वाटतो. मात्र आम म्हणजे अमुक प्रथिन, ओज म्हणजे इंटरफेरॉन अशी समीकरणे मांडण्याचा मोह टाळावा. त्याने ना आयुर्वेद सिद्ध होतो ना विषाणुशास्त्र समजते. आपल्या ग्रंथांची खरी ताकद अवस्थाविचारात आहे. तरुण ज्वरात लंघन, पुढे पाचन, रसायन तर त्याही नंतर. ज्वरमुक्त झालेल्याने बल परत येईपर्यंत श्रम व भ्रमण करू नये हे चरकाने चिकित्सास्थानात स्पष्ट बजावले आहे. पुस्तक आमच्या कपाटात होते, तरी त्या दिवशी आम्ही अनुमती दिली.

सरसकट 'इम्युनिटी' वाढवणाऱ्या कल्पांविषयी आमचे मत यातूनच बनले. गुळवेल श्रेष्ठ ज्वरघ्न आहे, पण अवस्था व मात्रा न पाहता दिलेली नव्हे. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांतील यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तीवर आक्षेप घेतला, वनस्पतीच्या ओळखीचा प्रश्नही निघाला. आक्षेप काहीही असोत, डेंग्यूत यकृत आधीच आघात सोसत असते एवढे आपण विसरू नये. पपईच्या पानांच्या रसाबाबतही तेच : प्लेटलेट्सचा आकडा वाढला म्हणजे वाहिन्यांतून होणारा स्राव थांबला असे नव्हे.

आमच्या चिकित्सालयात आता पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ तपासणी व रोज हिमॅटोक्रिट पाहिले जाते. लंघन म्हणजे निर्जल उपवास नव्हे, हे रुग्णास समजावून षडंगोदक, लाजामंड, जीवनरक्षक क्षारजल वारंवार देतो. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक वर्ज्य. उदरशूल, सतत छर्दी, हिरड्यांतून रक्त, ग्लानी वा अस्वस्थता, लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात पाठवतो. ज्वर उतरला त्या दिवशी औषध बंद करून निरोप देण्याऐवजी रुग्णाला पुन्हा बोलावतो, दुसऱ्या दिवशीही बोलावतो. ठेकेदारासाठी जो दाखला लिहितो त्यात ज्वर उतरल्यापासून किमान ४८ तास कामावर घेऊ नये, ही ओळ आम्ही मराठीत आणि हिंदीत, दोन्ही भाषांत लिहितो.