हिवाळ्यातील वुजू आणि गळता नळ

हजरत अनस (रजि.) यांच्या कथनानुसार पैगंबर (स.) एक मुद पाण्यात वुजू करीत आणि एक साअ ते पाच मुद पाण्यात गुस्ल. मुद म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाची दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. चार मुदांचा एक साअ. या मापाशेजारी आपल्या घरचा नळ ठेवून पाहावा. सेकंदाला एकच थेंब गळत असला तरी दिवसाकाठी ८६,४०० थेंब जातात, आणि त्यांत कोणाचाही वुजू झालेला नसतो!

थंडीत गिझरचा वापर वाढतो. तापताना पाणी प्रसरण पावते. त्या वेळी सुरक्षा-व्हॉल्व्हमधून काही थेंब आले तर तो दोष नव्हे. तो व्हॉल्व्ह कदापि बुजवू नये. जोडनळीच्या सांध्यातून पाणी झिरपत असेल, तर मात्र प्लंबरला बोलवावे. नळाचा झिजलेला वॉशर बदलण्यास फारसा खर्च येत नाही, तरी नेमके तेच काम महिनोन्‌महिने लांबणीवर पडते.

स्वतंत्र टाकी असल्यास इशानंतर तिच्यात येणारे पाणी व घरातील सर्व नळ बंद करून पातळीची खूण करावी आणि फज्रच्या वुजूपूर्वी पाहावी. पातळी उतरली असेल, तर गळती कोठेतरी लपलेली आहे. तिच्यामुळे खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल आली, की प्रश्न केवळ इस्राफचा राहत नाही. तो शेजाऱ्याच्या हक्काचा होतो. त्याने तक्रार घेऊन येईपर्यंत थांबू नये.

गरम पाणी येईपर्यंत वाहणारे थंड पाणी बादलीत धरावे. ते पाकच असते, वुजूलाही चालते.