स्वस्त घराचं कारण

पुण्यात एका फ्लॅटचा जो भाव आहे, त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत वाईला अंगणासकट घर मिळतं, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. यजमानांच्या निवृत्तीची तारीख जवळ आली, तसे आम्ही दोघं शनिवार-रविवार घरं बघायला बाहेर पडू लागलो. सासवड, भोर, वाई, जुन्नर अशी सगळी पुण्यापासून दोन-अडीच तासांच्या आतली गावं. बाजारपेठ, नदी किंवा घाट, जुनी देवळं, आणि दुकानदार चौथ्या वेळी नावाने हाक मारील एवढाच पसारा.

घरं खरंच स्वस्त होती. मात्र प्रत्येक घराच्या स्वस्ताईला कारण होतं आणि ते विकणाऱ्याने आपण होऊन एकदाही सांगितलं नाही. ते कारण वाटेकऱ्यांत असतं, जमिनीच्या प्रकारात असतं, नदीत असतं, नाहीतर दारापर्यंतच्या वाटेत. घराच्या शोधात निघणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे: हे कारण आधी शोधून काढा. त्यातली काही कारणं निभावून नेता येतात, काही जन्मभर कोर्टात फिरवतात.

अर्धा वाडा

वाईत आम्हाला पहिल्यांदा मोहात पाडलं ते एका वाड्याच्या निम्म्या हिश्शाने. देवडी, दगडी जोतं, सागाच्या खांबांची ओसरी, मागे परसू आणि विहीर. दोन भाऊ विकणार होते. एजंट म्हणाला, "ताई, कागद एकदम क्लिअर. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर दोघांचीच नावं आहेत."

नावं होती दोघांचीच. पण शेजारच्या आजींनी चहा पाजता पाजता विचारलं, "मिरजेची ताई सही करतीय का?" भावांना एक बहीण होती. वडील गेल्यावर वारसनोंद झाली, तेव्हा तिचं नाव लावलंच नव्हतं. अशी घरं गावोगाव आहेत. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला वाटा १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच मिळाला होता. वडिलोपार्जित मिळकतीत तो महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि २००५च्या दुरुस्तीने तो देशभर लागू झाला. उताऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क जात नाही. बहिणीला हक्क सोडायचा असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. घरातल्या घरात स्टॅम्पपेपरवर घेतलेली सही उपयोगाची नाही.

आमच्या वकिलांनी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. मुदतीच्या आत बहिणीच्या वकिलाची हरकत आली आणि व्यवहार तिथेच थांबला. विसार चेकने दिला होता आणि मालकी हक्क निर्वेध न निघाल्यास रक्कम परत द्यायची, असं विसारपावतीत लिहून घेतलं होतं. पैसे मिळायला वेळ लागला, पण मिळाले. रोख आणि तोंडी दिलेला विसार परत मागायला कुठल्या दारात जायचं, ते मला सांगता येणार नाही.

अर्ध्या वाड्याबाबत आणखी एक गोष्ट त्या निमित्ताने कळली. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्या माणसाने विकत घेतला, तरी त्याला बाकीच्यांसोबत तिथे राहायचा हक्क मिळत नाही, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ सांगतं. त्याने वाटणीचा दावा लावला, तर घरच्या माणसांना तोच हिस्सा मूल्यांकनाच्या किमतीला विकत घ्यायची मुभा आहे. म्हणजे पैसे भरून आपण दाव्याचे पक्षकार व्हायचं. नोंदणीकृत वाटणीपत्र आणि उताऱ्यावर स्वतंत्र क्षेत्र असल्याशिवाय वाड्याचा हिस्सा बघायलाही जाऊ नका. वाड्यात जुने भाडेकरू असतील, तर तेही वाड्याबरोबर येतात, हे धरून चाला.

जमीन कुठल्या प्रकारची?

घर नको, प्लॉट घेऊन हवं तसं बांधू, असा सल्ला देणारे भरपूर भेटतात. भोर, मुळशी, वेल्ह्याकडच्या रस्त्यांवर 'फार्महाऊस प्लॉट, फक्त अमुक लाख' अशा पाट्या दर वळणावर दिसतात. आमच्या ओळखीतल्या एकांनी असा पाच गुंठ्यांचा तुकडा घेतला. त्यांच्या सातबाऱ्यावर आज बऱ्याच अनोळखी माणसांची सामाईक नावं आहेत. प्रत्येकाने तारेचं कुंपण घातलंय, पण कोणता तुकडा कोणाचा, हे एकाही सरकारी नकाशात नाही.

हे असं का होतं, ते नीट समजून घ्यावं. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. कुळकायद्याचं कलम ६३ तसं सांगतं. शेतकरी नसाल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. शिवाय १९४७च्या तुकडेबंदी कायद्याने शेतीचा लहान तुकडा पाडून विकायला मनाई आहे. २०२३ साली बहुतेक जिल्ह्यांसाठी ही किमान मर्यादा जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे अशी खाली आणली गेली. त्यातून पळवाट म्हणून मर्यादेएवढं क्षेत्र अनेकांच्या नावे सामाईक करून विकतात. शहरालगतच्या भागांसाठी नियम अलीकडे सैल होत आहेत, पण तुमचा गट त्यात बसतो का, हे एजंटने सांगून चालत नाही.

'एनए होणार आहे' या तीन शब्दांवर तर दमडी देऊ नका. बिनशेतीचा आदेश आणि मंजूर रेखांकन हातात असेल तरच तो प्लॉट. आखलेल्या योजनेतला प्लॉट असेल, तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरच्या प्रकल्पाला ती नोंदणी बंधनकारक आहे.

सातबारा हातात आला की मालकाचं नाव वाचून थांबू नका. भोगवटादार वर्ग २ लिहिलं असेल, तर ती जमीन सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. 'इतर हक्क' या रकान्यात कुळ, बँकेचा बोजा, पुनर्वसनाचा शेरा, संपादनाची नोंद असं काय काय दडलेलं असतं. मुंबईकर ज्या कर्जत, मुरबाड, शहापूरकडे वळतात, तिथे आदिवासी खातेदारांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर आहेत. महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे अशी जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही आणि असा व्यवहार कित्येक वर्षांनंतरही उलटू शकतो. सासवडच्या बाजूला पुरंदर विमानतळाच्या नियोजित क्षेत्रातली गावं कोणती, हे पाहिल्याशिवाय भाव विचारायला जाऊ नये.

मुखत्यारपत्रावर घर विकणारे अजून भेटतात. नुसत्या मुखत्यारपत्राने किंवा साठेखताने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्वच्छ सांगितलं आहे. मालकी येते ती नोंदणीकृत खरेदीखताने. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८चा उतारा दाखवतात. तो घरपट्टीसाठीचा कागद आहे, मालकीचा पुरावा म्हणून तो एकटा पुरत नाही. स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघत आहेत. त्या गावाची निघाली असेल, तर तीच मागा.

पाऊस आला की

वाईतलं दुसरं घर घाटाजवळ होतं. खिडकीतून कृष्णा दिसायची आणि मालक तिचेच जास्तीचे पैसे लावत होते. आम्ही ते मे महिन्यात पाहिलं. जुलैत मुद्दाम पुन्हा गेलो, तेव्हा गणपती घाटावर पाणी चढलेलं होतं आणि त्या घराच्या भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर ओलीची रेघ होती. नदीकाठच्या गावांसाठी जलसंपदा विभाग दोन पूररेषा आखतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला बंदी असते. म्हणजे ते जुनं घर पडलं, तर त्या जागी पुन्हा उभं करणं दुरापास्त. २२ जुलै २०२१ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीने काय केलं, ते आठवा आणि नगरपालिकेत जाऊन पूररेषेचा नकाशा बघा.

डोंगरउतारावरच्या घराचं भय वेगळं. माळीण २०१४ साली, तळीये २०२१ साली आणि इर्शाळवाडी २०२३ साली दरडीखाली गेली. ही तिन्ही गावं जुलैतच गेली. नव्या प्लॉटसाठी डोंगर उभा कापलेला दिसला, तर त्या जागेचा विषयच नको. किनाऱ्यावर घर घेणार असाल, तर भरतीरेषेपासूनचं अंतर आणि सीआरझेडचे निर्बंध आधी तपासा.

मे महिन्यात पाहिलेलं घर जुलैत बघावं आणि जुलैत आवडलेलं घर मे महिन्यात. मे महिन्यात नळाला पाणी किती दिवसांआड येतं, विहिरीला किती हात पाणी उरतं, टँकर येतो का, हे मालकाला न विचारता शेजारणीला विचारा.

बंद घराचा खर्च

घराची किंमत सगळे मोजतात. आठवड्यातले पाच दिवस ते कुलूपबंद राहणार, याचा हिशोब कुणी धरत नाही. कौलारू घराची कौलं दर उन्हाळ्यात चाळून घ्यावी लागतात. वानरं फोडतात, वाऱ्याने सरकतात आणि एका सरकलेल्या कौलातून पावसाळाभर वाशावर पाणी पडतं. ओल आली की वाळवी येते. सागाला ती उशिरा लागते, दुय्यम लाकडाला लगेच. घर घेण्याआधी गावातल्याच सुताराला आणि गवंड्याला पैसे देऊन घर दाखवा. खांबाच्या बुडाशी आणि आढ्याला सुतार पटाशीने टोचून बघेल. तेवढ्यात घराचं खरं वय कळतं.

मुरुडजवळ घर घेतलेले आमचे एक स्नेही ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाच्या वेळी पुण्यात अडकलेले होते. छप्पर उडालं, सुपाऱ्या आडव्या झाल्या, आणि टाळेबंदीमुळे ताडपत्री टाकायला जाणंही बरेच दिवस जमलं नाही. वादळाने गेलं त्यापेक्षा नंतरच्या पावसाने जास्त गेलं. त्यामुळे घराआधी माणूस शोधा. आठवड्यातून एकदा दार उघडणारा, मीटर बघणारा, पाऊस आत आला तर फोन करणारा. त्याला महिन्याला ठरावीक पैसे द्या, उपकारावर ठेवू नका. जुन्या मालकाकडून महावितरणचं बिल, घरपट्टी आणि पाणीपट्टी चुकती असल्याचे दाखले खरेदीखताआधीच घ्या.

अंतरही कुलूपबंद घराच्याच हिशोबात मोजा. नकाशा वाईला दोन तास दाखवतो. शनिवारी सकाळी महाबळेश्वरला निघालेल्या गाड्यांबरोबर खंबाटकी घाट चढलात की तो आकडा विसरा. शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी संध्याकाळी परतण्याचा प्रवास काही वेळा करून बघा. तो झेपत नसेल, तर घर कितीही स्वस्त असलं तरी ते बंदच राहणार.

आधी भाड्याने

यावरचा सोपा उपाय म्हणजे त्या गावात वर्षभर भाड्याने राहणं. अकरा महिन्यांचा करार करा, तोही नोंदवून. छोट्या गावांत दोन खोल्यांचं भाडं पुण्याच्या मानाने नगण्य असतं. एवढ्यात तिन्ही ऋतू दिसतात, कुठल्या आळीत पाणी तुंबतं ते कळतं, आणि मुख्य म्हणजे पाटीवर न येणारी घरं कानावर येतात. चांगली घरं या गावांत एजंटकडे जायच्या आधीच चहाच्या टेबलावर विकली जातात. वर्षाने जायचा कंटाळा येऊ लागला, तरी गमावलं ते फक्त भाडं.

घर पसंत पडलं की कागद गोळा करा: गेल्या तीस वर्षांचा शोध अहवाल, मिळकत पत्रिका किंवा सातबारा, त्यामागचे सगळे फेरफार, भूमी अभिलेखकडून मोजणी करून मिळालेली क-प्रत. वकील तालुक्याच्या गावचा घ्या, पण एजंटने सुचवलेला नको. कर्जाची गरज नसली, तरी बँकेत अर्ज करून बघा. बँकेचा वकील ज्या घरावर पैसे द्यायला कचरतो, त्यावर आपली आयुष्याची बचत का लावायची?

आमचं घर शेवटी वाईतच मिळालं, भाड्याच्या खोलीपासून दोन गल्ल्या पलीकडे. नदी दिसत नाही. तीन खोल्या, पडवी, मागे मोरी आणि एक रामफळ. मिळकत पत्रिकेवर एकाच बाईंचं नाव, त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि मृत्युपत्राचा वाद होण्याआधी त्या स्वतःच विकत होत्या. एवढं सरळ घर स्वस्त का, हे आम्ही त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, बोळ बघा ना. गाडी येत नाही दारात. लोक तिथूनच परत जातात." गाडी अडीचशे पावलं लांब लावावी लागते. सामान हातात आणावं लागतं आणि गुडघे दुखू लागतील तेव्हा ते जड होईल, हे माहीत असूनच आम्ही सही केली. बाकीची कारणं आम्हाला झेपली नसती, हे झेपतं.

तुमचं कारण वेगळं असेल. विसाराचा चेक लिहायच्या आदल्या रात्री ते कागदावर एका ओळीत लिहून काढा: हे घर स्वस्त आहे, कारण... ओळ पुरी झाली आणि ती वाचून झोप लागली, तर सकाळी चेक द्या. ओळ अर्धवट राहिली, तर चेकबुक घेऊन पुण्याला परत या.