घर घे, पण जगणं राखून

अगं, "ताई, सगळ्यांची घरं झाली, मीच मागे राहिले," असं तू परवा म्हणालीस आणि माझ्या पोटात तुटलं. घर झालं नाही म्हणून कुणी मागे पडत नसतं गं.

घर घेऊ नकोस असं मी मुळीच म्हणत नाही. भिंतीत खिळा ठोकायला कुणाची परवानगी लागत नाही, अकरा महिन्यांचा करार संपत आला की छातीत धडधडत नाही. स्वतःच्या घराचं खरं सुख म्हणजे हा निर्धास्तपणा. तोच हप्त्यापायी गेला, तर मिळवलं काय?

म्हणून आधी हिशेब मांड. ५० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत: महिन्याला साधारण ४३,४०० रुपये. फेडून होईपर्यंत १ कोटी ४ लाख जातात, म्हणजे मुद्दलापेक्षा व्याजच जास्त. आत्ताच्या भाड्यात आणि या हप्त्यात जो फरक आहे, तो चार-सहा महिने बाजूला टाकून बघ. आईचं औषधपाणी, तुझी गाण्याची शिकवणी, वर्षाकाठी गावाला जाणं, हे सगळं त्यातूनही निभावलं तर खुशाल पुढे हो. नाहीतर थांब, किंवा लहान घर बघ.

बदलापूरचा फ्लॅट रविवारी बघून भुलू नकोस. सोमवारी सकाळी तिथून लोकल पकड, घाटकोपरला मेट्रो बदलून अंधेरीला ऑफिस गाठ, आणि संध्याकाळी तशीच परत जा. रोजचे चार तास प्रवासात गेले, तर त्या घरात तू नुसती झोपायला जाशील. सॅम्पल फ्लॅटमध्ये टेप घेऊन जा, आपलं कपाट दाराआड बसतं का ते मोज. महारेराच्या संकेतस्थळावर ताब्याची तारीख तपास. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, ती सोडू नकोस. बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतीआधी पैसे भरले तरी दंड नसतो, तेव्हा बोनस आला की मुद्दल कमी करत जा.

आणि तोवर भाड्याच्या घरात पाहुण्यासारखी राहू नकोस. आवडीचे पडदे लाव, कुंडीत तुळस लाव, शेजारणीशी ओळख वाढव, मैत्रिणींना जेवायला बोलाव. सुखानं राहायला सातबारा नि खरेदीखत लागत नाही, आणि ही वर्षंही तुझीच आहेत.