जुने व्हाइस : ओळख, संग्रह आणि जीर्णोद्धार

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपण ताम्रपट वाचतो, बखरी चाळतो, दफ्तरे धुंडाळतो. परंतु ज्या शहराचे दिवस पिढ्यान्‌पिढ्या गिरणीच्या भोंग्यावर उगवले आणि मावळले, त्या सोलापूरचे कितीतरी दस्तऐवज बिडात ओतलेले आहेत. आणि ते भंगाराच्या दुकानांतून किलोच्या भावाने विकले जातात. त्यांपैकी फिटरच्या बाकावरील व्हाइस या एका हत्याराचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे. पुस्तकी मराठीत त्याला 'शेगडा' म्हणतात. कारखान्यात तो शब्द सहसा ऐकू येत नाही, म्हणून लेखातही व्हाइसच म्हटले आहे. कलाशाखेच्या अंकात लोखंड कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे आपोआप येईल.

सोलापुरात आगगाडी १८६० साली आली, १८७७ साली 'जुनी गिरणी' उभी राहिली आणि मागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या झाल्या. गिरणी म्हटली की तिच्या पोटात एक दुरुस्तीखाते असणारच. चात्या, दाते, कण्या यांना रोज कानस लागे आणि कानस चालवायची तर वस्तू घट्ट धरणारे कोणी तरी हवे. आता त्या गिरण्यांची धुराडी थंड आहेत. यंत्रमागाच्या छोट्या कारखान्यांत मात्र कोपऱ्यातल्या लाकडी बाकावर व्हाइस अजून दिसतो, आणि कधीकधी तो कारखान्यापेक्षा वयाने बराच थोर असतो.

ओळखीची पहिली पायरी म्हणजे जात ठरवणे. सर्वांत जुन्या घडणीचा तो लोहाराचा पायाचा व्हाइस. त्याचा एक लांब पाय थेट जमिनीवर टेकतो, त्यामुळे घणाचा घाव बाकावर न येता भुईत जिरतो. हा घडीव लोखंडाचा असतो. इंग्लंडातील डडली येथील पीटर राइट हे या कामातले नामांकित नाव. त्याचा पुढचा जबडा खाली बिजागरीवर फिरतो, म्हणून तो सरळ न सरकता कमानीत उघडतो. जाड वस्तू धरली की जबडे फाकतात आणि पकड फक्त एका कडेवर येते. लोहाराला याची अडचण नाही, पण मापात काम करणाऱ्या फिटरला आहे. त्यासाठी जबडे समांतर सरकवणारा बिडाचा व्हाइस आला. शेफील्डच्या हॅम्पटन मंडळींचा 'रेकॉर्ड' आणि यॉर्कशायरमधील शिपली येथील पार्किन्सनचा 'परफेक्ट' हे त्यातले प्रसिद्ध. सुताराच्या व्हाइसमध्ये रेकॉर्डचा ५२ क्रमांक म्हणजे ७ इंची जबडा आणि ५३ म्हणजे साडेदहा इंची. त्यांना खटका असतो, तो दाबला की अर्धी ढिबरी स्क्रूपासून सुटते आणि जबडा एका झटक्यात मागेपुढे होतो.

दुसरी पायरी धातूची. हातोडीने हलकेच टिचकी मारावी. पोलाद व घडीव लोखंड खणखणते, बीड बद्द वाजते. बिडाचा तुटका भाग पाहिला तर तो करडा आणि रवाळ दिसतो. चिरलेला व्हाइसही बद्दच वाजतो, तेव्हा निव्वळ कानावर विसंबू नये. रॉकेल पुसून वर खडूची भुकटी चोळावी, चीर असेल तर तेथे काही वेळाने ओली रेघ उमटते.

तिसरी पायरी काळाची, आणि येथे आपल्या विषयाचे शिक्षण कामी येते. अंगावरची अक्षरे शिलालेखासारखी वाचावीत. 'जी. आय. पी. आर.' असा रेल्वेचा शिक्का असेल तर वस्तू १९५१ पूर्वीची, कारण त्या वर्षी ही रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. बार्शी लाइट रेल्वेची खूण असेल तर ती १९५४ च्या आतली. त्या वर्षी सरकारने ती रेल्वे ताब्यात घेतली. आय. एस. आय. ची खूण त्या संस्थेसंबंधीच्या १९५२ च्या कायद्याआधीची असूच शकत नाही. माप मिलिमीटरमध्ये ओतले असेल तर वस्तू बहुधा दशमान पद्धतीच्या १९५६ च्या कायद्यानंतरची. उलट इंचाच्या मापावरून काहीच सिद्ध होत नाही. बाजारात आजही चार इंची व्हाइस म्हणूनच मागतात. हा एकतर्फी पुरावा ध्यानात ठेवणे फार अगत्याचे आहे. अमेरिकेत १९४१ साली शिकागोला निघालेल्या 'विल्टन' कंपनीच्या जुन्या व्हाइसवर सरकत्या भागाखाली महिना व वर्ष ठोकलेले असते. पुष्कळ जण ती निर्मितीची तारीख समजतात. वस्तुतः ती पाच वर्षांची हमी संपण्याची तारीख असते. पाच वर्षे वजा केली म्हणजे जन्म सापडतो.

पण मला या सर्वांहून मोलाच्या वाटतात त्या वापराच्या खुणा. मागच्या जबड्याच्या वरच्या कडेवर ओळीने बारीक खाचा असतील तर तेथे छिन्नीने पत्रा कापला गेला आहे, कारण पत्रा जबड्याच्या कडेला टेकवूनच कापतात. पाठीमागचा सपाट भाग खोलगट झाला असेल तर त्याचा ऐरणीसारखा वापर झाला. दांडा वाकला असेल तर कोणी तरी त्यात पाइप घालून जोर केला. हा प्रकार आजही चालतो आणि त्यानेच बिडाचे अंग फुटते. एखाद्या अज्ञात फिटरचे नाव कोठल्याच हजेरीपटात राहिले नसेल. त्याचे काम या कडेवर राहिले आहे. म्हणून ग्राइंडरने सगळे गुळगुळीत करून वर झगझगीत रंग चढवणाऱ्यांशी माझे पटत नाही. जबडा धरीत नसेल तर तो जरूर सुधारावा. नुसता देखणा दिसावा म्हणून घासू नये.

जीर्णोद्धाराची रीत साधी आहे, घाई तेवढी नको. आधी छायाचित्रे घ्यावीत. स्क्रू उलटा फिरवून पुढचा जबडा पूर्ण बाहेर काढावा, मग आतली ढिबरी सोडवावी. जबड्याच्या पोलादी पट्ट्यांचे स्क्रू सहसा जाम असतात. त्यांवर रॉकेल सोडून दोन दिवस थांबावे, मग थोडी ऊब द्यावी. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे कोकणासारखा खोल गंज कमी. त्याऐवजी तेल आणि कापसाचा तूस यांचे चिकट कीट थरांनी बसलेले असते. ते रॉकेल व तारेच्या ब्रशाने निघते. जुन्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा तो कोरडा घासून धूळ उडवू नये.

गंज जास्तच असेल तर विजेचा उपाय उत्तम. प्लॅस्टिकच्या टोपात पाणी घेऊन दर पाच लिटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवावा. बारा व्होल्टच्या चार्जरचे ऋण टोक व्हाइसला आणि धन टोक साध्या लोखंडी पत्र्याला जोडावे. दोहोंचा एकमेकांस स्पर्श होऊ देऊ नये. टोके उलटी झाली तर व्हाइसच झिजेल. हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हे काम उघड्यावर, विस्तवापासून दूर करावे आणि हात घालण्यापूर्वी वीज बंद करावी. पत्रा स्टेनलेस स्टीलचा घेऊ नये, पाण्यात विषारी क्रोमियम उतरते; सोड्याऐवजी मीठही घालू नये, क्लोरीन निघतो. बाहेर काढताच वस्तू धुऊन, वाळवून तेल लावावे, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस होते.

आटे पाहताना ध्यानात ठेवावे की नवे आटे वर सपाट असतात. ते सुरीच्या धारेसारखे झाले असतील तर झीज पुष्कळ झाली. चीर गेलेले बीड साध्या वेल्डिंगने सांधत नाही. निकेलची कांडी, आधी तापवणे आणि सावकाश निववणे लागते, किंवा पितळेने डाग द्यावा. जबडे समांतर आहेत की नाहीत हे दोन्ही टोकांना कागदाची एकेक पट्टी धरून कळते. एक पट्टी सहज निघाली तर त्या बाजूला फट आहे. रंग फक्त बाहेरच्या अंगाला द्यावा, सरकत्या पृष्ठावर व आट्यांवर नको, आणि ओतीव अक्षरे तर मुळीच बुजवू नयेत.

संग्रह करणाऱ्याने एक वही ठेवावी : जबड्याची रुंदी, उघडण्याचे अंतर, वजन, सर्व खुणा, आणि वस्तू कोणाकडून, कोठल्या खात्यातून आली ते. हे शेवटचे कलम विक्रेत्याला त्याच वेळी विचारले नाही तर पुढे कधीच कळत नाही. रेल्वेचा शिक्का असलेल्या मालाची लिलावाची पावती मागावी. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

राहिली बसवण्याची गोष्ट. उभे राहून कोपर दुमडावे. जबड्याचा माथा कोपराच्या उंचीला यावा, म्हणजे कानस आडवी चालते आणि पाठ दुखत नाही. मागचा जबडा बाकाच्या कडेच्या किंचित बाहेर राहील असे बोल्ट कसावेत, म्हणजे लांब सळई उभी धरता येते आणि तिचे खालचे टोक बाकाला अडत नाही.