परदेशी सेवेला जाण्याआधी



आपल्या कुंडल परिसरातील बऱ्याच घरांत नर्सिंग, आय.टी.आय. किंवा बी.एड. झालेली मुले-मुली आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याच्या मनात येते की, वर्षभर परदेशात स्वयंसेवक म्हणून काम करावे. घरात मात्र लगेच काळजी सुरू होते. चांगल्या कामाला निघालो आहोत, मग एवढे प्रश्न कशाला, असे मुलाला वाटते. आज त्या प्रश्नांचाच थोडा अभ्यास करू.

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाची जी अंगे सांगितली, त्यांत एक आहे दुसऱ्याकडून शिकून घेण्याची तयारी. नुसता चांगला हेतू त्यांना पुरेसा वाटत नाही. हे तत्त्वज्ञान कोरडे वाटेल, म्हणून शेजारच्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याकडे पाहू. व्ही. शांताराम यांचा १९४६ चा चित्रपट ज्येष्ठांना आठवत असेल, पण चित्रपटात त्याग ठळक दिसतो, तयारी तितकी दिसत नाही.

जपानने चीनवर आक्रमण केले, तेव्हा चीनमधून पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मागणी आली. मागणी आधी आली, हे महत्त्वाचे. १९३८ च्या सप्टेंबरमध्ये पाच भारतीय डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि २७ वर्षांचे कोटणीस. शस्त्रक्रिया येत होती, चिनी भाषा येत नव्हती. कोटणीस ती बोलायला, लिहायला शिकले आणि पुढे त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. १९४१ मध्ये डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाची प्रमुख जबाबदारी त्यांच्याकडे आली. भाषेशिवाय हे झाले असते का? जखमी माणूस कुठे दुखते ते आपल्याच भाषेत सांगणार.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ते चीनमध्ये असतानाच सोलापुरात त्यांच्या वडिलांचे निधन झाले. ते परतले नाहीत. पुढे त्यांना फेफऱ्याचे झटके येऊ लागले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचा अंत झाला. मागे पत्नी आणि काही महिन्यांचा मुलगा. बाकीचे चौघे मायदेशी आले. कोटणीसांचा निर्णय थोर होता असे मी मानतो, पण तो सर्वांसाठी नियम होऊ शकत नाही. आई-वडिलांना काही झाले तर मी येणार की नाही, मागे त्यांच्याकडे कोण पाहणार, हे निघण्याआधी घरात बसून बोलावे. आपल्याकडे असे बोलणे अशुभ समजतात. तरीही बोलावे. स्वतःचा जुना आजारही संस्थेपासून लपवू नये.

आता व्यवहाराचे. काम कोणते, किती महिने, राहणे-जेवण, विमा आणि परतीचे तिकीट कुणाकडे, हे लेखी घ्यावे. एजंट ‘टुरिस्ट व्हिसावर चालते’ म्हणाला तर त्या देशाच्या दूतावासाकडे खात्री करावी, कारण बिनपगारी कामालाही अनेक देशांत वेगळी परवानगी लागते. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम अर्ज, मुलाखत वा प्रशिक्षणासाठी पैसे घेत नाही, तेव्हा त्याच्या नावाने कुणी पैसे मागितले तर समजून घ्यावे. आफ्रिकेतील व दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराच्या देशांत जायचे असेल तर लस किमान दहा दिवस आधी घ्यावी आणि दाखला जपावा. परत येताना तो नसेल तर भारतात विलगीकरणात ठेवू शकतात.

तिथे गेल्यावर पहिले काही आठवडे आपण फारसे उपयोगी पडत नाही. बाजारहाट, नमस्काराची रीत, कुणाला काय म्हणायचे, सगळेच शिकावे लागते. कॅनडाचे डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय काढले, तेव्हा त्यांनाही आपली मराठी शिकावी लागली. त्यांच्याकडे जाणाऱ्या गावकऱ्यांनी या परदेशी डॉक्टरांचे उच्चार किती सांभाळून घेतले असतील! परक्या गावातली माणसे आपल्या मुलांनाही असेच सांभाळून घेतील. मात्र त्यांच्याकडे कुणी मदत मागितली आहे का आणि आपल्याला येणारे काम तिथे खरोखर हवे आहे का, हे पत्र लिहून आधी विचारावे. उत्तर ‘नको’ आले तर आपल्याच तालुक्यातल्या दवाखान्यात विचारून पाहावे.